नंबर सातचा तजुर्बा

गंगाखेडहून गोदाकाठानं थोडं खाली उतरलं की निजाम सरकारचं एक शेत लागायचं. कागदोपत्री त्याला लांबलचक उर्दू नाव होतं, पण आसपासच्या गावांनी त्यातला एकच शब्द उचलला आणि त्या शेताला ‘तजुर्बा’ म्हणायला सुरुवात केली. तजुर्बा म्हणजे प्रयोग. कोणतं बी कोणत्या जमिनीत टिकतं आणि कोणतं मान टाकतं, हे रयतेला कळावं म्हणून सरकारनं ते शेत घेतलं होतं. आणि ते रयतेला कळू नये म्हणून फाटकावर बन्सीधर जमादार नेमला होता.

बन्सीधर शेतकऱ्याच्याच घरातला. भावांच्या वाटण्यांत वावर आक्रसत गेलं, तेव्हा यानं नांगर थोरल्याच्या हाती दिला आणि सरकारी नोकरी धरली. पितळेचा बिल्ला, लाल पटका आणि हातात काठी. या तीन चिजा अंगावर चढल्या की त्याची मान आपोआप ताठ व्हायची. एकदा त्याचा सख्खा मामा भर उन्हात पाणी मागायला आला, तर यानं त्याला फाटकाबाहेर उभं करून तांब्या गजांतून दिला. गावात कुणी विचारलं, “बन्सीधर, काय पिकायलंय तुमच्या तजुर्ब्यात?” की ठरलेलं उत्तर यायचं, “सरकारी काम हाय.” वांग्याचं रोप कसं आलंय एवढं जरी बायकोनं विचारलं तरी तेच. पार्वतीबाईंनी पुढं पुढं विचारायचं सोडून दिलं आणि वांगी बाजारातून आणायला लागल्या.

तेव्हा शेतावर गोविंदराव होते. पुण्याकडं शेतकी शिकून आलेले, उन्हानं करपलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. यांची एक खोड बन्सीधरला अजिबात पसंत नव्हती. बाजाराच्या दिवशी ते फाटक सताड उघडं टाकायचे आणि गंगाखेडच्या बाजाराला चाललेल्या शेतकऱ्यांना हाका मारून आत बोलवायचे. प्रत्येक वाफ्यावर मराठीत पाटी लावलेली. “बघा, हात लावा, उपटून बघा,” म्हणायचे. माणसं चिखलाच्या पायांनी आत शिरायची, बोंडं फोडून बघायची, वाद घालायची. बन्सीधर कोपऱ्यात काठी धरून उभा राहायचा आणि जणू त्याच्याच घरात वरात घुसलीय असा चेहरा करायचा. सरकारी गोष्ट अशी वाटेवर मांडतात का कुठं?

अशात वरून कापसाचं एक नवं बी आलं. नाव नंबर सात. वरच्या कुण्या बड्या असामीला आपल्या गिरणीसाठी लांब धाग्याचा कापूस हवा होता, आणि बड्या असामीला हवा म्हटल्यावर तो परभणी जिल्ह्यातल्या जमिनीलाही हवाच असणार, असं धरून चाललेलं होतं. गोविंदरावांनी नंबर सात आणि आपलं गावरानी शेजारी शेजारी पेरलं. तीन हंगाम पेरलं. नंबर सात फुलावर येईपर्यंत असं देखणं दिसायचं की दृष्ट काढावी, आणि मग उभ्या उभ्या वाळायचं. खोड चिरलं की आत तपकिरी रेघ. काळ्या भारी रानातला मर रोग होता तो. शेजारचं गावरानी मात्र ठणठणीत.

गोविंदरावांनी तसा अहवाल लिहिला. उत्तर आलं की अहवाल उत्तम आहे, फक्त शेवट दुरुस्त करावा. गोविंदरावांनी अदबीनं कळवलं की शेवट माझ्या हातात नाही, तो झाडांनी ठरवलेला आहे. झाडांची बदली करता येत नसल्यामुळे गोविंदरावांची झाली. कुठल्याशा लांबच्या फळबागेत त्यांना मोसंब्या राखायला धाडलं. अहवालावर ‘सीगा-ए-राज’ असा शिक्का बसला, म्हणजे हे कुणी वाचायचं नाही, आणि तो कपाटात गेला.

त्यांच्या जागी माणिकराव मोहतमीम होऊन आले, म्हणजे शेताचे मुख्य. हैदराबादचे, शेरवानीतले, अत्तर लावणारे. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता आणि खायचा शौकीन होता, एवढंच. वरून आलेला कागद त्यांना पावसासारखा वाटायचा, आणि शेतातलं झाड म्हणजे एखाद्या गरजूचा अर्ज, मंजूर करावा किंवा करू नये. आल्या आल्या त्यांनी बाजारचा दिवस बंद केला, पाट्या उपटल्या, आणि सगळ्या नोकरांच्या हातावर मीठ ठेवून शपथ घेतली की इथलं काही बाहेर तोंडातून काढणार नाही. नंबर सात पेरायचा हुकूम मात्र कुणी रद्द केला नव्हता, म्हणून त्यांनीही ते पेरलं. यंदा तरी बियाला अक्कल येईल अशी त्यांना आशा होती.

मीठ हातात घेताना बन्सीधरला भरून आलं होतं. एवढ्या वर्षांनी त्याच्या तोलाचा साहेब मिळाला होता.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण बन्सीधरची एकुलती एक लेक कावेरी चुडाव्याला दिलेली होती. तिचे सासरे भुजंगराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. बाजारात एका माणसाकडून त्यांचा निरोप आला की नंबर सातचं बी सरकार पुढच्या मिरगाला वाटणार आहे, आपण सगळ्या रानाला पुरेल इतकं मागितलंय. गावही आमच्या तोंडाकडं बघून बसलंय, कारण आमचे व्याही खुद्द तजुर्ब्यात आहेत आणि वाईट असतं तर त्यांनी सांगितलंच असतं.

घरी येऊन बन्सीधर भिंतीला टेकून बसला, भाकरीकडं बघेना. पार्वतीबाईंनी चुलीपुढून विचारलं, “काहून असे बसलाव?”

त्यानं निरोप सांगितला. पुढचं सांगायची गरज नव्हती. नंबर सात मरतंय हे घरात तो कधी बोलला नव्हता, पण शेतावर निंदायला जाणाऱ्या बाया पार्वतीबाईंच्याच ओट्यावर पाणी प्यायच्या.

“मग सांगा की इवायाला,” त्या म्हणाल्या.

“मीठ घेतलंय हातात. तोंडातून शब्द काढणार न्हाई म्हणून.”

“अन् लेकीचं रान वाळल्यावर? तिच्या ताटात तुमचा बिल्ला वाढावा का?”

पार्वतीबाईंनी भाकरी उलटली. “तोंडातून नका काढू. येळवशीला बोलवा त्यायला जेवायला. डोळे हायेत की त्यायला.”

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. गंगाखेडच्या बाजूला त्या दिवशी गावात चूल पेटत नाही असं म्हटलं तरी चालेल. सगळं गाव रानात. पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, रानभर आंबील शिंपडायची, आणि मग शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. कुणीही कुणाच्याही रानात जावं आणि जेवल्याशिवाय उठू नये. बन्सीधर माणिकरावांपुढं उभा राहिला आणि म्हणाला की सरकारी असलं तरी रानच ते, पूजेवाचून ठेवणं बरं नाही, माझे व्याहीही येतो म्हणतायत. माणिकरावांना येळवशीच्या भज्जीची कीर्ती ऐकून ठाऊक होती. त्यांनी परवानगी दिली. अट एकच, चांगलं पीक तुडवायचं नाही.

मग कोप टाकायची कुठं? दोघं शेतभर फिरले. इकडं हरभरा, तिकडं ज्वारी, पलीकडं गावरानी कापूस बोंडांनी लदलेला. शेवटी माणिकरावांनी छडीनं नंबर सातचं वावर दाखवलं. “तिकडे टाका. तिथे खराब व्हायला काय उरलंय?”

ज्या वावराकडं कुणी फिरकू नये म्हणून त्यांनी वर्षभर जिवाचा आटापिटा केला होता, तिथंच त्यांनी पंगत मांडायला सांगितली. बन्सीधर “जी हुजूर” म्हणाला. नोकरीत पहिल्यांदाच त्याला ते म्हणताना मजा आली.

येळवशीला भुजंगराव आगगाडीनं आले. भला मोठा पटका, उपरणं, बरोबर कावेरी. बन्सीधरनं त्यांना कोपीत अशा जागी बसवलं की मान कुठंही वळवली तरी वाळकी झाडं दिसावीत. वाऱ्यानं ती खडखडत होती. पलीकडं बांधाला लागून गावरानी पांढरंशुभ्र फुटलेलं. समोर माणिकराव शेरवानीची बटणं सोडून भज्जीवर तुटून पडलेले. बन्सीधर खीर वाढायचा आणि व्याह्यांच्या तोंडाकडं बघायचा.

भुजंगराव रीतीचे पक्के होते. जेवायला बसलेला पाहुणा यजमानाच्या रानाला नाव ठेवत नाही, आणि पांडवांपुढं तर नाहीच नाही. “रान झकास हाय,” ते म्हणाले आणि खीर मागून घेतली.

बन्सीधरनं एक वाळकं झाड मोडून आणलं, पत्रावळीवरच्या माश्या हाकल्यासारखं केलं आणि व्याह्यांच्या गुडघ्याशी ठेवलं. भुजंगराव शेवटी शेतकरीच. हात आपोआप गेला, नखानं खोड चिरलं, आतली तपकिरी रेघ बघितली. कपाळाला आठी पडली. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “इवाई, हे बी कोणतं हो?”

यासाठीच तर सगळं मांडलेलं होतं. दोन शब्द बोलले की झालं असतं, नंबर सात. बन्सीधरनं तोंड उघडलं. समोर माणिकरावांचा घास हातातच थांबला होता. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं जिभेवरून जे घरंगळलं ते ऐकून त्याला स्वतःलाच धक्का बसला.

“सरकारी काम हाय.”

भुजंगरावांनी वाळक्या झाडांकडं बघितलं, मग पलीकडच्या फुटलेल्या कापसाकडं. पाटी कुठंच नव्हती. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर शहाणपण पसरलं. “आलं ध्यानात,” ते म्हणाले. “हे मेलेलं आपलं गावरानी. अन् ते पलीकडलं नंबर सात. दोन्ही शेजारी लावून सरकार फरक दावायलंय. वा! आता तर बांधावर सुद्धा तेच पेरतो.”

“आपण जाणकार आहात,” माणिकराव म्हणाले आणि सुटकेचा घास गिळला. खोटं ते काहीच बोलले नव्हते.

निघताना कावेरी पाया पडायला वाकली. बन्सीधरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मीठ, शपथ, बिल्ला सगळं गिळून पुटपुटला, “बाई, ते मेलेलं नंबर सात हाय.”

“तुमी ते झाड मोडून आणलं तवाच कळलं मला, बापू,” ती म्हणाली. “पण मामंजी आता ऐकायचे न्हाईत. त्यायनी सवताच्या डोळ्यानं बघितलंय.”

गाडी गेल्यावर बन्सीधर कोपीत येऊन बसला आणि पांडवांपुढं लहान पोरासारखा रडला. लेकीचं घर आपल्या हातानं बुडवलं असं त्याला वाटत होतं, आणि त्यात फारसं चुकीचं काही नव्हतं.

मिरगाला चुडाव्यात सरकारी बियाची पोती उतरली. भुजंगरावांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. आता कापसाची सरकी म्हणजे पेरायची तीच आणि म्हशीला घालायची तीच, दिसायला एकसारखी. भुजंगरावांच्या घरात एका कोपऱ्यात नंबर सातचं पोतं, दुसऱ्या कोपऱ्यात म्हशीच्या खुराकाचं गावरानी सरकीचं. आणि पेरताना बी सोडायचं काम बायांचं. पुरुष औत हाकतो, पुढं बघून. बाई मागून चालते आणि ओटीतलं बी बांबूच्या नळीतून तासात, म्हणजे औतानं पाडलेल्या ओळीत, सोडत जाते. तिच्या ओटीत काय आहे हे मागं वळून बघायची रीत नाही.

कावेरीनं कोपरे बदलले.

म्हशीनं त्या साली नंबर सात खाल्लं आणि रानात गावरानी उगवलं. शेजारणींना कावेरीनं नदीवर धुणं धुताना सांगितलं, त्यांनी आपापल्या घरचे कोपरे बदलले. कुणाच्या नणंदा पूर्णेकडं, कुणाच्या बहिणी मानवताकडं. माहेरपणाला आलेल्या लेकी परत जाताना एवढी एक गोष्ट पदराला बांधून न्यायच्या. पुरुषांना सांगायचं कुणालाच कारण पडलं नाही. कापूस छान आला. भुजंगरावांनी गावजेवण घातलं आणि नंबर सातचा जयजयकार केला.

माणिकराव येऊन बघून गेले. त्यांना काहीच समजेना, पण समजून घ्यायचा हुकूम नव्हता. त्यांनी वर लिहिलं की नंबर सात रयतेच्या रानात उत्तम येत आहे. पुढच्या साली दुप्पट बी वाटलं गेलं, त्याच्या पुढं आणखी. तजुर्ब्यात ते मरत होतं आणि जिल्हाभर बहरत होतं. जिनिंगवाल्यांनी एकदा तक्रार केली की धागा आखूडच आहे. उत्तर आलं की धागा लांब आहे असं ठरलेलं आहे. दरसालच्या छापील अहवालात नंबर सातचं पान मोठं होत गेलं. म्हशीही चांगल्या पोसल्या गेल्या. लेकीकडं गेला की बन्सीधर वाटी भरून दही खायचा, आणि व्याही कापसाचं कौतुक करायला लागले की मान खाली घालून आणखी दही मागायचा. लेकीचं घर वाचलं होतं. त्याला आणखी काय पाहिजे होतं?

अशी बरीच वर्षं गेली. सत्तेचाळीस उजाडलं. बाहेर झेंडे बदलले होते, हैदराबादेत अजून बदलायचे होते. एका दुपारी फाटकाशी एक म्हातारा माणूस येऊन उभा राहिला. चष्म्याच्या काडीला दोरा होता म्हणूनच बन्सीधरनं ओळखलं.

“गोविंदराव साहेब?”

“हो. आत सोडाल का, बन्सीधर? माझ्याकडे परवाना नाही.” त्यांनी गज धरले. “माझं जुनं वावर एकदा बघायचं होतं. मागच्या महिन्यात नोकरी संपली. तिकडे मोसंबीच्या बागेत दरसालचा अहवाल यायचा, मी वाचायचो. पूर्णेत नंबर सात उत्तम, मानवतात उत्तम. इतक्या रानांत उत्तम आणि एकट्या माझ्याच वाफ्यात मर. म्हणजे माझंच काही चुकलं असणार. पाणी, खत, काहीतरी. तीन वर्षं मी चुकीचं बघितलं आणि वर हट्ट धरला.” ते थोडं हसले. “त्यानंतर मी एकही निष्कर्ष लिहिला नाही. माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. बागेत एक प्रयोग करायचा होता, तोही केला नाही. नुसत्या मोसंब्या राखल्या.”

बन्सीधरनं काठी बाजूला ठेवली. त्यानं फाटक उघडलं, साहेबांना आपल्या बाजेवर बसवलं, तांब्या दिला.

“साहेब, तुमचं काहीच चुकलं न्हाई,” तो म्हणाला. “नंबर सात कुणी पेरलंच न्हाई. म्हशींनी खाल्लं.”

मग त्यानं सगळं सांगितलं. कोप, खीर, कावेरीचे कोपरे, नदीवरच्या बाया. गोविंदराव ऐकता ऐकता हसायला लागले, पोट धरून हसले, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले. ते बराच वेळ पुसत राहिले.

“हे मला लिहून द्याल?” त्यांनी विचारलं.

“लेक नांदायलीय साहेब तिथं. भुजंगरावाला कळलं तर तिला उभी करणार न्हाई दारात.”

गोविंदरावांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं. आता ते मिटल्या मुठीसारखं त्यांच्याजवळच राहणार होतं, आणि पुराव्याशिवाय ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

“सगळ्या बायांना ठाऊक होतं?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“जिल्हाभरातल्या. लहान पोरींना सुद्धा.”

“मग मला एक पोस्टकार्ड टाकलं असतंत, बन्सीधर,” ते अगदी हळू म्हणाले. “नावसुद्धा घालायचं नव्हतं. माझं आयुष्य गेलं हो तिकडे.”

बन्सीधर त्यांच्या पायाशी बसला. ते खरोखरच कधी सुचलं नव्हतं, ना त्याला, ना पार्वतीबाईंना, ना कावेरीला. का सुचलं नाही ते आठवायला त्याला थोडा वेळ लागला.

“आमाला वाटलं तुमाला तर ठाऊकच हाय, साहेब,” तो म्हणाला. “तुमीच हुडकलं व्हतं ना.”